रेस सोडली की ओम्नी बंद : नवा कार्बोरेटर घेण्याआधी काय बघायचं

प्रश्न : नमस्कार भाऊ. माझ्याकडे १९९८ ची ओम्नी हाय, कार्बोरेटरवाली. आर्णीच्या बाजारात भाजीपाला नेतो, हप्त्यातून एखादी चक्कर यवतमाळले असते. दिवाळीपासून असं झालं का सकाळी चोक ओढला की एका सेल्फमध्ये चालू होते, पण चोक आत ढकलला अन् पाय काढला की बंद. रस्त्यावर ५०-६० नं मस्त पळते, पिकपमध्ये काही कमी नाई, पण बसस्टँडपाशी गर्दीत हळू केली, क्लच दाबला, की गेली. मंग एक पाय रेसवर अन् ब्रेकले हँडब्रेक, अशी चालवा लागते. पहिले गॅसकिट होतं, ते मागच्या साली काढून टाकलं. मिस्त्रीनं प्लग बदलले, स्लो (रेस सोडल्यावरचा इंजिनाचा वेग) वाढवून देल्ला, थोडे दिवस चालली, पुन्हा तेच. आता तो म्हणते कार्बोरेटर गेला, नवीन टाका. कंपनीचा मिळत नाई, बाजारात जो मिळते तो टाकू का? का इंजिनच उतरलं, म्हणजे झिजून ताकद गेली? (एक वाचक, आर्णी तालुका)

उत्तर : भाऊ, कार्बोरेटर घेऊ नका. निदान हे सगळं बघून होईपर्यंत तरी नको. तुम्ही पत्रात जे लिहिलं ना, त्यातच अर्धं निदान झालेलं आहे, फक्त ते नीट वाचायला पाहिजे.

पहिली गोष्ट, गाडी ५०-६० ने पिकपसकट पळते. म्हणजे एसी पंप (टाकीतून पेट्रोल ओढणारा इंजिनावरचा पंप, गार हवेच्या एसीशी संबंध नाही) पेट्रोल देतोय, मेन जेट मोकळा आहे, टायमिंग फार हललेलं नाही आणि कॉम्प्रेशन अगदी बसलेलं नाही. इंजिन उतरलं असतं तर आर्णीहून यवतमाळला भरल्या गाडीत चढावर तुम्हाला लगेच कळलं असतं. दुसरी गोष्ट, चोक ओढला की चालते आणि चोक आत ढकलला की बंद. चोक काय करतो, तर हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवतो. गार इंजिनला थोडा वेळ तो लागतोच, पण तुमची गाडी गरम झाल्यावरही बसस्टँडवर बंद पडते, म्हणजे स्लोवर इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा जास्त होतेय. या दोनच गोष्टी. बाकी सगळं नंतर.

आता स्लोवरच का, ते समजून घ्या, कारण मिस्त्रीशी बोलताना हे उपयोगी पडेल. तुम्ही रेस सोडता तेव्हा कार्बोरेटरच्या तळाची थ्रॉटलची चकती जवळपास बंद होते. मेन जेटमधून पेट्रोल ओढायला हवेचा जोर लागतो, तो तेव्हा नसतो, म्हणून मेन जेट गप्प बसतो आणि पेट्रोल एका वेगळ्याच बारीक वाटेने येतं, स्लो जेटमधून, मग मिक्चर स्क्रूच्या (स्लोवरचं पेट्रोल कमीजास्त करणाऱ्या स्क्रूच्या) टोकाजवळून, चकतीच्या खाली एका छोट्या छिद्रातून. हवा पण तेव्हा अगदी थोडी. भरल्या कॅनॉलला उंदराचं एखादं बीळ असलं तर कळत नाही, पण पाणी तळाला गेलं की त्याच बिळातून सगळं निघून जातं, तसं आहे हे. जी चिरलेली पाईप ६० च्या वेगात काहीच त्रास देत नाही तीच स्लोवर इंजिन बंद पाडते. म्हणून गाडी पळते तर फॉल्ट मोठा नसणार, हे खरं, पण फॉल्ट नाहीच असं मात्र नाही.

सगळ्यात आधी सोलेनॉईड बघा. तुमच्या कार्बोरेटरला एक छोटा पितळी किंवा पांढरट दिसणारा डबीसारखा भाग आहे, त्याला एक वायर जाते, त्याला फ्युएल कट सोलेनॉईड म्हणतात. चावी बंद केली की तो स्लोची वाट बंद करतो, चावी चालू केली की उघडतो. त्याला करंट मिळाला नाही तर स्लोची वाट कायमची बंद, आणि गाडी अगदी तुमच्या गाडीसारखी वागते, रेसवर झकास आणि पाय काढला की खलास. तपासायला पैसा लागत नाही. समोरची सीट उचला, इंजिन बंद ठेवा, पोराला चावी ऑन-ऑफ करायला सांगा आणि तुम्ही कान लावा, प्रत्येक वेळी बारीक टक असा आवाज आला पाहिजे. बोट ठेवलं तर हाताला पण जाणवतो. आवाज नाही आला तर टेस्ट लॅम्पने वायरला करंट आहे का बघा, नसेल तर फ्यूज आणि वायर शोधा. आणि इथे तुमच्या गॅसकिटचा विषय येतो, कारण किट बसवताना आणि काढताना याच भागातल्या वायरी तोडतात, जोडतात, टेप मारून सोडून देतात, गॅस-पेट्रोलच्या स्विचमधून करंट फिरवलेला असतो आणि किट काढलं की ती जोडणी अर्धवट लटकत राहते. गाडी शेतात, गोठ्याजवळ उभी राहत असेल तर उंदरांनी कुरतडलेली वायर हाही प्रकार आपल्याकडे भरपूर. करंट येतो पण टक होत नाही, तर सोलेनॉईड उघडून सुई अडकली का बघा, साफ करा, नाहीतर तेवढा एक भाग बदला. एक सांगतो, सीटखाली पेट्रोलचा वास येत असेल तर वायर टेकवून ठिणगी पाडून तपासायचं नाही, आधी गळती बंद करायची.

सोलेनॉईड बरोबर निघाला तर हवा कुठून ओढते ते शोधा, आणि तुमच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त संशय याचाच आहे. गॅसकिटचा मिक्सर कार्बोरेटरपाशी बसवलेला असतो, कधी वर, कधी मध्ये प्लेट टाकून. तो काढताना कार्बोरेटर सोडवला असेल तर खालचं पॅकिंग जुनंच परत लावलं का, की पुठ्ठ्याचं कापून लावलं, की सिलिकॉन फासलं? सिलिकॉन तर अजिबात चालत नाही, पेट्रोलने ते फुगतं, सुटतं आणि त्याचे तुकडे बारीक वाटांमध्ये जाऊन बसतात. शिवाय कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटरमधून सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्यांच्या) मध्ये जो जाड काळा इन्सुलेटर असतो तो तडकलेला असू शकतो, आणि नट जास्त आवळल्यामुळे कार्बोरेटरचा तळ वाकलेला असू शकतो. तळ काचेवर ठेवून मागून टॉर्च मारा, उजेड दिसला तर तळ घासून सपाट करून घ्यावा लागेल. मॅनिफोल्डच्या ज्या नळीतून किटने व्हॅक्युम (इंजिनाची हवा ओढायची ओढ) घेतला होता तिला नीट बूच बसवलंय का तेही बघा, नुसतं टेप गुंडाळलेलं असतं कधीकधी.

हवा शोधायची रीत अशी : गाडी गरम करा, स्लो थोडा वाढवून चालू ठेवा, आणि केस कापणाऱ्याकडे असते तशा फवाऱ्याच्या बाटलीत साधं पाणी घेऊन कार्बोरेटरच्या बुडाला, मॅनिफोल्डच्या जोडाला थोडं थोडं मारा. जिथून हवा जात असेल तिथे पाणी पडलं की इंजिनाचा आवाज बदलतो, एकदम सावरते किंवा एकदम बसते. बरेच मिस्त्री यासाठी पेट्रोल नाहीतर कार्बोरेटर क्लीनर मारतात, पण ओम्नीत इंजिन तुमच्या सीटखाली आहे, बाजूलाच तापलेला एक्झॉस्ट आहे, बंद जागा आहे, तिथे हे करू देऊ नका. पाणी डिस्ट्रिब्युटरवर मात्र उडू देऊ नका नाहीतर वेगळाच फॉल्ट तयार होईल. मग रबरी व्हॅक्युम पाईप एकेक करून, पक्कडला कापड गुंडाळून, दाबून बघा. डिस्ट्रिब्युटरला जाणारा, टॅपिट कव्हरवरून पीसीव्हीचा (इंजिनाच्या आतली वाफ परत ओढणाऱ्या व्हॉल्व्हचा) येणारा, आणि गाडीला ब्रेक बूस्टर असेल तर त्याचा जाडा पाईप. ज्याला दाबल्यावर स्लो सुधारला, गडबड त्या पाईपमध्ये किंवा त्याच्या पुढच्या टोकाला. पाईप बाहेरून चांगला दिसतो, पण टोकाला वाकवून बघा, आपल्याकडच्या उन्हाने तिथेच चिरा पडतात. बूस्टरचा पाईप काढून गाडी रस्त्यावर न्यायची नाही, ब्रेक दगडासारखा होतो.

इथपर्यंत काही सापडलं नाही तर मग स्लो जेट. गाडी वर्षानुवर्षं गॅसवर चालली, पेट्रोल कार्बोरेटरमध्ये तसंच पडून सुकत राहिलं, त्याचा चिकट पिवळा थर बसतो. स्लो जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं, त्याला बंद व्हायला वेळ लागत नाही. कार्बोरेटर उघडून जेट काढा, क्लीनरने भिजवा, हवेने फुंका. त्यात तार किंवा सुई घालू देऊ नका, भोक मोठं झालं की ते परत लहान होत नाही आणि मग मायलेज गेलं. क्लीनरमध्ये डायफ्राम आणि रबरी भाग बुडवायचे नाहीत. आणि दुकानात जाऊन कार्बोरेटर मागण्याऐवजी कार्बोरेटरचा पॅकिंग किट मागा, त्यात पॅकिंग, ओरिंग, फ्लोटची (पेट्रोलची पातळी सांभाळणाऱ्या तरंगत्या डबीची) सुई मिळते. तुमचा जुना ओरिजिनल कार्बोरेटर, त्याची स्पिंडल फार ढिली झाली नसेल तर, बाजारातल्या अनोळखी नव्यापेक्षा नक्की चांगला आहे. स्पिंडल म्हणजे थ्रॉटलच्या चकतीचा दांडा, तो धरून वरखाली हलवा, खूप खेळतोय म्हणजे तिथूनही हवा जाते आणि तेव्हा मात्र दुसरा कार्बोरेटर बघणं रास्त आहे.

मिक्चर स्क्रू काढण्याआधी तो हळूच आत पिळत न्या, किती आटे गेला ते मोजून कागदावर लिहा, मग बाहेर काढा. शेवटपर्यंत जोरात आवळू नका, टोकाला वळं पडतं आणि मग कितीही सेट करा, बसत नाही. जुळवायची वेळ इंजिन पूर्ण गरम, चोक पूर्ण आत, लाईट बंद. स्लोचा स्क्रू फिरवून साधारण ९०० आरपीएमला आणा, मिक्चर स्क्रू हळूहळू आत न्या, इंजिन अडखळायला लागलं की हळूहळू बाहेर, जिथे सगळ्यात मऊ आणि जोरात चालतं तिथे थांबा, स्लो वाढला असेल तर परत ९०० ला. दोनतीनदा आलटून पालटून केलं की बसतं.

मिस्त्रीने स्लो वाढवला आणि थोडे दिवस चालली, त्याचं कारण इतकंच की स्लोचा स्क्रू चकती थोडी उघडी ठेवतो, मग चकतीच्या वरच्या बाजूची छिद्रं उघडी पडून तिथून पेट्रोल यायला लागतं. फॉल्ट तसाच राहतो, पेट्रोल जास्त जातं आणि गिअर टाकताना खरखर होते. मला हे मनापासून सांगायचंय की स्लो वाढवणं ही दुरुस्ती नाही, आणि त्याचे पैसे पण देऊ नयेत.

अजून एक फुकटची गोष्ट. तुमच्याकडे पीयूसीचा कागद असेलच. अशा जुन्या पेट्रोल गाडीची पीयूसी स्लोवरच काढतात आणि त्यावर कार्बन मोनॉक्साईडची टक्केवारी आणि हायड्रोकार्बनचा पीपीएम आकडा छापलेला असतो. तुमच्या १९९८ च्या गाडीला मर्यादा ३ टक्के आणि १५०० पीपीएम आहे. मर्यादेत आहे म्हणून कागद डब्यात टाकू नका, आकडे वाचा. पहिला आकडा एकदम कमी आणि दुसरा मात्र चढलेला असेल तर मिक्चर पातळ आहे आणि जळतच नाहीये, म्हणजे आपण वर जे म्हणतोय तेच. पहिला आकडाच चढलेला असेल तर पेट्रोल जास्त जातंय, मग फ्लोट, फ्लोटची सुई, एअर फिल्टर बघायचं. सेटिंग झाल्यावर पीयूसीवाल्याकडून परत एकदा आकडे घ्या, कोणत्याही गॅरेजपेक्षा खरं उत्तर मिळेल.

शेवटी टॅपिट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणारे भाग. गॅसवर चाललेल्या इंजिनाच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट घासते, टॅपिटचा गॅप कमी होत जातो आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. याचा त्रास आधी स्लोवरच दिसतो. तीन सिलिंडरचं इंजिन आहे, एक जरी ढिला पडला तरी तिसरा हिस्सा ताकद गेली, मग स्लोवर ते कसं टिकणार. गार इंजिनावर टॅपिट गॅप करून घ्या. आणि गाडी कशीबशी स्लोवर चालू असताना इन्सुलेशनवाल्या पकडीने एकेका प्लगची कॅप काढून बघा, काढलेली कॅप इंजिनाच्या लोखंडाला टेकवून ठेवायची, हवेत लटकू द्यायची नाही. ज्याची काढल्यावर आवाजात काहीच फरक पडत नाही तो सिलिंडर आधीपासून काम करत नव्हता. तिथे प्लग, वायर, डिस्ट्रिब्युटर कॅप बघा, ते ठीक असेल तर कॉम्प्रेशन. पण एवढं सगळं करायची वेळ तुमच्यावर येईल असं मला वाटत नाही.

आणि भाऊ, रेसवर पाय ठेवून हँडब्रेकने बाजारात गाडी चालवणं आजपासून बंद करा. त्या गर्दीत लेकरं असतात.

प्रश्न : माझी मारुती ८०० पण कार्बोरेटरचीच आहे. हिवाळ्यात, पावसाळ्यात कधी त्रास नाही. एप्रिल-मे लागला की दुपारी रेल्वे फाटकावर पाच-दहा मिनिटं थांबलं की आचके देऊन बंद पडते आणि मग अर्धा तास चालू होत नाही. लोक म्हणतात कॉईल बदला. (वाचक, वरोरा)

उत्तर : काकाजी, कॉईलही असू शकते पण बंद पडण्याची तऱ्हा बघा. करंट गेला तर गाडी चावी फिरवल्यासारखी एका झटक्यात बंद होते. तुम्ही आचके लिहिलंय, म्हणजे पेट्रोल कमी होत होत मेली. पेट्रोलचे हलके भाग चाळीस अंशाच्या आसपासच उकळायला लागतात आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४५ च्या पुढे जातं, मग बॉनेटखाली काय होत असेल. गाडी चालू असताना वारा लागतो आणि गार पेट्रोल सतत येतं, फाटकावर दोन्ही थांबतं. एसी पंप आणि पाईपमध्ये वाफ होते आणि पंप वाफ ढकलत बसतो.

पुढच्या वेळी बंद पडली की तिथेच दोन गोष्टी करा. एक प्लग काढून लोखंडाला टेकवून सेल्फ मारायला सांगा, प्लगचं भोक आणि कार्बोरेटरपासून दूर. ठिणगी निळी, कडक असेल तर कॉईल निर्दोष. पिवळी, मरतुकडी असेल किंवा नसेलच तर कॉईल, कंडेन्सर किंवा इग्निशन मॉड्यूल गरम झाल्यावर सोडतंय. ठिणगी चांगली असेल तर ओल्या फडक्याने फक्त एसी पंप आणि पेट्रोलचा पाईप गार करा, लगेच चालू झाली म्हणजे निदान झालं. एक्झॉस्टवर पाणी टाकू नका. आणि कधीकधी उलट होतं, कार्बोरेटरच्या बाउलमधलं पेट्रोल उकळून आत सांडतं आणि गाडी ओव्हर होते, तेव्हा चोक अजिबात न ओढता रेस पूर्ण दाबून धरून सेल्फ मारायचा.

कायमचा उपाय म्हणजे पेट्रोलचा पाईप एक्झॉस्टच्या जवळून जात असेल तर लांब बांधून घ्या, कार्बोरेटरखालचा इन्सुलेटर जागेवर आहे का बघा (बरेचदा कोणीतरी काढून टाकलेला असतो), आणि पंपाकडून टाकीकडे परत जाणारा रिटर्न पाईप मोकळा आहे का फुंकून बघा. वाफ त्याच वाटेने टाकीत जायची असते, तो चोंदला की ती तिथेच कोंडते. टाकीचं झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा आवाज येत असेल तर टाकीची हवेची नळी बंद आहे, त्यात कुंभारीण माशी मातीचं घर करते, उन्हाळ्यात आवर्जून बघा. टाकी अर्ध्याच्या वर ठेवा. रेडिएटरचा पंखा वेळेवर लागतो ना तेही बघून घ्या.

प्रश्न : २००४ ची ८००, एमपीएफआय (कार्बोरेटर नाही, कॉम्प्युटर पेट्रोल फवारतो ती). स्लोवर इंजिनाचा आवाज कमी-जास्त होतो, सिग्नलला बंद पडते, एसी लावला की हमखास. वर जे कार्बोरेटरचं सांगता ते आम्हाला लागू आहे का? (वाचक, परतवाडा)

उत्तर : हवेचं लागू आहे, स्क्रूचं नाही. तुमच्या गाडीत स्लो स्क्रूने नाही तर कॉम्प्युटर ठरवतो, थ्रॉटल बॉडीवरच्या छोट्या व्हॉल्व्हमधून हवा कमीजास्त करून. त्या वाटेत आणि थ्रॉटलच्या चकतीच्या कडेला काळा कार्बन साचला की हवा मिळत नाही, एसीचा लोड आला की इंजिन बसतं. थ्रॉटल बॉडी काढून थ्रॉटल बॉडीच्याच क्लीनरने मऊ ब्रशने साफ करून घ्या, आयडल व्हॉल्व्हची वाट पण. बहुतेक वेळा इथेच संपतं. बॅटरीची वायर काढून पुन्हा लावली की गाडी थोडी वेडीवाकडी चालते आणि मग स्वतःच शिकते, लगेच घाबरू नका.

एवढ्याने नाही झालं तर इंजिनाचा दिवा लागतो का बघा आणि स्कॅनर असलेल्या माणसाकडे जा. परतवाड्यात, नाहीतर अमरावतीला मिळेल. पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर खोटं बोलत असेल तर गरम इंजिनाला गार समजून पेट्रोल ओतलं जातं. चकतीचा स्टॉपर स्क्रू मात्र कोणाला फिरवू देऊ नका, तो कंपनीत सेट झालेला असतो आणि तो हलला की सगळी मोजदाद चुकते. आणि काट्यावर राखीव ठेवून चिखलदऱ्याचा घाट चढायची सवय असेल तर सोडा, तुमचा पेट्रोल पंप टाकीच्या आत आहे आणि तो पेट्रोलनेच गार राहतो.

प्रश्न : आमच्या गावात सगळे म्हणतात की आता पेट्रोलमध्ये इथेनॉल जास्त टाकतात म्हणून जुन्या गाड्या बंद पडायला लागल्या. खरं आहे का? आमची १९९६ ची ८०० मिस्टर शाळेत न्यायला वापरतात, त्यांची बदली झाली की महिना-दोन महिने उभीच राहते. (वाचक ताई, कारंजा लाड)

उत्तर : ताई, सगळंच खरं नाही, पण काहीच नाही असंही नाही. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल २०२३ पासून पंपावर यायला लागलं आणि २०२५ पर्यंत जवळपास सगळीकडे तेच झालं. एक किलो साधं पेट्रोल जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ च. वीस टक्के मिसळलं की गरज साडेतेराच्या आसपास येते. एमपीएफआय गाडीतला कॉम्प्युटर हे सांभाळून घेतो, कार्बोरेटरला हे कळायचा काही मार्ग नाही, तो जुन्याच मापाने देतो आणि मिक्चर आठेक टक्के पातळ होतं. आधीच काठावर असलेली गाडी त्यामुळे स्लोवर बंद पडू शकते. उपाय सोपा आहे, वर आर्णीच्या भाऊंना सांगितलंय तसं गरम इंजिनावर मिक्चर स्क्रू थोडा बाहेर घेऊन नव्याने सेट करायचा. पण आधी हवा कुठून जात नाहीये ना ते बघून मगच.

तुमच्या गाडीला खरा धोका उभं राहण्याचा आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, पाणी एका मर्यादेपुढे गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाला वेगळं बसतं आणि पंप तळातूनच ओढतो. मिस्त्रीकडून बाउलमधलं थोडं पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत काढून, घरापासून आणि चुलीपासून लांब, रात्रभर ठेवून बघा, तळाला वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करून धुवून घ्या. जुने रबरी पाईप, एसी पंपाचा डायफ्राम, फ्लोटच्या सुईचं रबरी टोक हे सगळं इथेनॉलने फुगतं किंवा कडक होतं, १९९६ पासूनचेच असतील तर एकदाच सगळे बदला. पाईपला हात लावून बोटाला पेट्रोलचा वास आला तरी बदला, गळायची वाट बघू नका, कारण यात आग लागते. गाडी महिनाभर उभी ठेवायची तर पावसाळ्यात टाकी भरून ठेवा म्हणजे आत दमट हवा कमी राहील, आणि पंधरा दिवसांतून एकदा कोणीतरी नुसती चालू न करता चार-पाच किलोमीटर फिरवून आणा.

प्रश्न : डिझेल जीप, जुनी कमांडर. सकाळी चालू होते, दोन मिनिटं स्लोवर चालून बंद पडते, मग हॅन्डपंप मारला की पुन्हा चालू. दिवसभर मग ठीक. धारणीकडे घाटात सवारी नेतो म्हणून भीती वाटते. (वाचक, मेळघाट)

उत्तर : भाऊ, हॅन्डपंप मारल्यावर चालू होते म्हणजे लाईनीत हवा जातेय. रात्रभर उभी राहिली की डिझेल टाकीकडे उतरतं, त्याच्या जागी हवा येते, सकाळी फिल्टरात जेवढं असतं तेवढ्यावर चालते आणि मग हवा पंपापर्यंत पोचते. डिझेल बाहेर गळत नाही म्हणून कोणाला दिसत नाही, कारण टाकीपासून फीड पंपापर्यंत (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपापर्यंत) लाईन ओढणारी असते, तिथे फट असली तर डिझेल बाहेर न येता हवा आत जाते. फिल्टरच्या आधी हातभर पारदर्शक पाईप तात्पुरता लावा, चालू केल्यावर त्यात बुडबुडे दिसले की त्याच्या मागच्या बाजूला शोधा. टाकीतली उभी नळी गंजलेली, रबरी पाईपच्या क्लिपा ढिल्या, फिल्टरच्या झाकणाचं रबर, हॅन्डपंपाचा स्वतःचा डायफ्राम, या क्रमाने. फिल्टरच्या बुडाची बोल्ट ढिली करून पाणी पण काढून घ्या. पंपावरचा स्लोचा बोल्ट याच्यासाठी वाढवायचा नाही. आणि बँजो बोल्टचे (डिझेलचा पाईप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) वायसर तांब्याचेच लावा, नवीन मिळाले नाहीत तर जुने लालबुंद तापवून पाण्यात बुडवा, मऊ होतात आणि परत नीट बसतात.